मावशीने भाव केला नाही

बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, हे कर्जत-खालापूरच्या डोंगराकडेला शेंबडं पोरही सांगेल. चांदण्यात तोडलेल्या बांबूत रस असतो, रसाला किडा लागतो आणि वर्षभरात बांबूतून पीठ गळायला लागतं. बांबूच्या व्यापाऱ्याला तुम्ही लबाड म्हणा, तो हसेल. ‘तुझा माल चांदण्यातला’ म्हणालात तर अंगावर येईल.

मला ते भर बाजारात ऐकावं लागलं. ऐकवणारी उरणकडची एक कोळीण होती, वयाने माझ्या आईएवढी. एसटीच्या टपावर सुक्या मासळीच्या पाट्या टाकून ती दर आठवड्याला कर्जतच्या बाजाराला यायची. मी तिला मावशी म्हणायचो. जंगलातून कारवीचे भारे डोक्यावर आणून विकण्यापासून मी सुरुवात केली होती आणि नुकती कुठे स्वतःची वखार झाली होती. बोंबील वाळत घालायच्या मांडवासाठी तिने माझ्याकडून बांबू नेले. पुढच्या वर्षी बाजाराच्या मधोमध उभी राहून ओरडली, “अरं ए बांबूवाल्या! तुज्या बांबूचं पीठ पडतंय आमच्या बोंबलांवर. त्याच्या भाकऱ्या थापू काय? चांदण्यातला माल हाय ह्याचा, घेऊ नका रं कोणी!”

अख्खा बाजार हसला. शेजारच्या कळंबचे शेतकरी महिनाभर मला “भाकरी झाली का?” विचारत होते.

आता खरं सांगायचं तर त्या खेपेत शंभरात दहा-वीस बांबू चांदण्यातले असतीलही. घाई होती. पण हे बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं? त्यानंतर तीन वर्षं मी दर आठवड्याला तिच्याशी भांडलो, आणि दर आठवड्याला तिचेच बोंबील घेतले, कारण तसे दुसऱ्या कुणाकडे नसायचे. मी निम्म्याने मागायचे, तिने पाटी झाकायची, मी चालायला लागायचं, तिने “या शेट, रुसू नका” म्हणून हाक मारायची. बायको म्हणायची, “घरात चार शब्द बोलत नाही, तिथं मात्र तासभर तोंड चालतं.”

मग एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी, एका वर्षी दिवाळीनंतर, समुद्रावरून वादळ आलं. आमच्याकडे दोन दिवस उभा-आडवा पाऊस. वखारीचे पत्रे उडून ओढ्यापलीकडे गेले, कापून ठेवलेलं भात शेतात भिजून त्याला कोंब फुटले. आमची ही गत, तर किनाऱ्यावर काय झालं असेल, असा विचार माझ्या मनात आला, हे लिहायला आवडलं असतं. मी विचार केला तो असा, की आता जो तो छप्पर बांधणार आणि बांबूचा भाव चढणार. माणसं डोंगरात पाठवली. चांदणं होतं. तरीही पाठवली.

वखारीत आता दोन ढीग होते. एक ओला, चांदण्यातला. दुसरा गेल्या वर्षीचा, अंधारात तोडलेला, वर्षभर सावलीत सुकवलेला. हा दुसरा ढीग मी मुंबईच्या एका मांडववाल्या ठेकेदाराला द्यायचा शब्द दिला होता.

दोन बाजार मावशी आली नाही. तिसऱ्या आठवड्यात थेट वखारीत आली. डोक्यावर पाटी नव्हती. रिकाम्या डोक्याची मावशी मी प्रथमच पाहिली, आणि ती मला फार बुटकी वाटली.

“तीनशे बांबू पायजेत,” ती म्हणाली. “मांडव सगळं गेलं. जाळी माडांवर जाऊन बसली. आमची होडी फुटली, पण कोळीवाड्यातल्या चार होड्या वाचल्यात. बोंबील येतोय रं, रोज येतोय, आणि वाळवाया जागा नाय. वाळूत सडतोय. हा हंगाम गेला तं पावसाळ्यात वाडा काय खाईल?”

मी नेहमीच्या दीडपट भाव सांगितला. सवयीनेच. ती निम्म्याने मागणार, म्हणजे आपण मधे कुठेतरी थांबू.

“बरं,” ती म्हणाली, आणि कमरेची पिशवी सोडायला लागली.

“बरं काय? मी दीडपट सांगितलाय!”

“ऐकलं मी.”

“मग भाव कर ना, मावशे!”

“कसला भाव करू? मना बांबू पायजेत.”

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, “दीडपट कुणी देतं का? नेहमीचा भाव घे!” तिने पिशवीतून नोटा काढल्या. “बरं, त्यालाही पाव कमी!” वखारीतले हमाल काम सोडून उभे राहिले. मी एकटाच माझ्याशी घासाघीस करत होतो आणि हरत होतो. शेवटी खरेदीच्या भावावर येऊन थांबलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, “शेट, अंधारातलं देशील ना?”

तेवढ्यासाठी तिला तिथेच हाकलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधारातला ढीग ट्रकमध्ये भरला, मागच्या टोकांना लाल फडकं बांधलं आणि चौक-पनवेलवरून स्वतः घेऊन गेलो. कोळीवाड्यात घरांच्या भिंती उभ्या होत्या, वर छपरं नव्हती. वाळूवर कुजक्या मासळीचा वास असा, की ड्रायव्हर खाली उतरेना. मावशीने एक बांबू ओढला, कोयत्याच्या मुठीने ठोकला, कान लावला. दुसरा ठोकला. असे वीसेक ठोकले. मी वाट बघत होतो, की आता तरी वाड्यासमोर ‘तेव्हा माझं चुकलं’ म्हणेल.

“हे अंधारातलं हाय,” ती म्हणाली. “तवाचं चांदण्यातलंच व्हतं.”

मी पाणीही न पिता निघालो. ट्रक वळवताना मागे पाहिलं, तर बायका खड्डे खणून खांब रोवायलाही लागल्या होत्या. ठेकेदाराला मी ओला माल दाखवला. तो बघूनच निघून गेला आणि पुन्हा माझ्या दारात आला नाही. तेही मी मावशीच्याच नावावर मांडतो.

महिन्याभराने बाजारात एसटीच्या टपावरून तिच्या पाट्या उतरल्या. बोंबील कडक, पांढरे, एकही ओला नाही. मी निम्म्याने मागितले. तिने पाटी झाकली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “निम्म्यानं? ह्या बांबूवाल्याच्या अंधारातल्या बांबूवर वाळवलाय ह्यो! पीठ नाय, किडा नाय. भाव जास्तच पडंल!”

मी तासभर भांडलो. तिने एक पैसा सोडला नाही. मी दोन पाट्या घेतल्या.