पुढचं डावं चाक

आमच्या गाडीला दोनच सीट आहेत यावरून सासूबाईंनी जन्मभर टोमणे मारले. "मुलाला काय डिकीत घालणार?" असं त्या विचारायच्या. हे, म्हणजे माझे यजमान, ते ऐकत गाडी पुसत राहायचे. उघड्या टपाची ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार त्यांनी येरवड्यातल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणातून, आत बसलेल्या कोंबड्या हाकलून, बाहेर काढली होती आणि सुट्टीसुट्टीला एकेक भाग जोडत चालती केली होती. उजवीकडची सीट त्यांची, डावीकडची माझी. रविवारी सकाळी हे खाली जाऊन इंजिन सुरू करायचे आणि मी साडी बदलून येईपर्यंत हॉर्न वाजवत बसायचे. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत मला साडी नेसायला किती वेळ लागतो हे त्यामुळे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता हे विसरतात. जेवलो की नाही ते विसरतात. मुलगा परदेशात नोकरी करतो हे विसरून, त्याची शाळेची रिक्षा अजून आली नाही म्हणून गॅलरीत उभे राहतात. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही. हे असंच उतरणीला लागणार, औषधाने वेग थोडा कमी होईल, एवढंच ते म्हणाले. गाडी मात्र यांच्या लक्षात आहे. खाली पार्किंगमध्ये नेलं की बॉनेटवर हात ठेवतात, कार्ब्युरेटरबद्दल दोन वाक्यं अगदी नीट बोलतात, आणि तेवढ्यापुरता मला माझा नवरा परत मिळतो.

म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की यांना गाडी ओळखू येतेय तोवर एकदा दोघांनी तिच्यातून फिरून यायचं. मी चालवीन, हे शेजारी बसतील. गाडी मला यांनीच शिकवली होती, जरी शिकवून झाल्यावर किल्ली कधी हातात दिली नाही. लांब कुठे जायचं नव्हतं, नदीपर्यंत जाऊन परत यायचं. त्यापलीकडे देवाकडे काही मागण्यात अर्थ उरला नव्हता.

पण गाडी जागची हलण्यासारखी नव्हती. तिची चाकं तारांची, सायकलीसारखी, आणि त्या तारा गंजून तुटायला लागल्या होत्या. तिच्याशेजारी सोसायटीने पाटीही लावली होती: 'पार्किंग वाहनांसाठी आहे. जे चालते ते वाहन. ज्यांना कळायचे त्यांना कळले असेल.' मला कळलं होतं. सेक्रेटरींना मी म्हटलं, पुढच्या वेळी खाली नावच लिहा, तुमची शाई तरी सत्कारणी लागेल.

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेले एक गृहस्थ वाघोलीला राहतात. बापजाद्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड घालून त्यात जीपा आणि जुन्या मोटारी भरल्या आहेत. गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बोलणं असं की शेजारच्या शेडलाही ऐकू जावं. ते स्वतः येऊन चाकं बघून गेले.

"काकू, ह्या चाकावर गाडी बाहेर काढली तर परत घरी येनार न्हाय तुम्ही," ते म्हणाले. "चारी नवी मागवू बाहेरदेशातून. क्रोमची घ्या. लांबून दिसलं पाह्यजे, कायतरी येतंय म्हनून."

नवी चाकं दोन प्रकारची मिळतात, ते त्यांनी फोनवर फोटो दाखवून समजावलं. एक चकचकीत क्रोमची, दुसरी चंदेरी रंगाची, जरा मंद. आमची चंदेरी होती. क्रोमबद्दल यांचं मत मला पाठ होतं. "क्रोम हे बँडवाल्यांसाठी," असं हे जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात कुणा ना कुणाला ऐकवायचे आणि मग त्या माणसाची समजूत काढायला मला त्याच्या बायकोशी गोड बोलावं लागायचं. पण आता मी यांच्यासमोर दोन्ही फोटो धरले, तर यांनी क्रोमवर बोट ठेवलं आणि लहान मुलासारखे हसले. दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा क्रोम. तिसऱ्या दिवशी चंदेरीवर बोट ठेवलं, आणि ते उचललं तेव्हा कळलं की फोटोवर पडलेला भाताचा कण काढत होते.

हसू आलं आणि मग रडूही आलं. कुणाचं ऐकायचं होतं मी? जो माणूस होता त्याचं, की जो समोर बसला होता त्याचं? मुलाला व्हिडिओ कॉलवर विचारलं. तो म्हणाला, "आई, सीरियसली, जे कमी कटकटीचं असेल ते घे. अ‍ॅक्च्युअली विकूनच टाक ना, बाबांना काय फरक पडणारे आता?" मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे रात्र झाली असेल, झोप. त्याच्याकडे सकाळ होती.

शेवटी मी चंदेरी घ्यायचं ठरवलं. कारण एकच. गाडी जशी होती तशीच दिसली नाही, तर हे तिलाही ओळखणार नाहीत. ज्या आनंदाने हे क्रोमकडे बघत होते तो आनंद दुकानातल्या कुठल्याही चमकत्या वस्तूला मिळाला असता. मला तो नको होता.

चाकं यायला बरेच दिवस लागले. ती आली तेव्हा वाघोलीकर जुनी उतरवायला आले आणि पुढचं डावं चाक हातात घेऊन थबकले.

"बाकीची जुनी हायेत म्हनून ग्येली. पर ह्याला काय झालं? ह्यो गंज एका वर्साचा न्हाय काकू. दरवर्षी काय वतत व्हता काय ह्याच्यावर?"

ओतत होते, मीच. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी घरच्या सुनेने पुढच्या डाव्या चाकावर घालायचं, ही सासूबाईंनी घातलेली पद्धत. गाडी त्यांना पसंत नव्हती, पण पूजेत त्यांनी कसूर केली नाही. त्या गेल्यावरही मी ते करत राहिले. हळद-कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि ते चिकट पाणी, सगळं तारांच्या बुडात जाऊन बसायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन खाली बसायचे. एकेक तार घासून, पुसून, वर तेलाचा हात फिरवायचे. "तुमच्या श्रद्धेचा कचरा काढतोय," म्हणायचे. दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

ते चाक मी हातात घेतलं. गंजाचे थर बोटाला लागत होते, एकावर एक. म्हणजे दसऱ्यानंतरची ती सकाळ हे कित्येक वर्षं विसरत होते, आणि यांचं ते वाक्य बंद झालेलं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. डॉक्टरांकडे जायच्या खूप आधीपासून. घरात सगळं ठीक चाललं होतं, हे बिलं भरत होते, शब्दकोडी सोडवत होते, माझ्याशी वाद घालत होते, आणि खाली पार्किंगमध्ये एक चाक सांगत होतं की हा माणूस निघालाय. मी दरवर्षी त्याच्यावर पाणी घालून वर येत होते. मला त्या चाकाचा भयंकर राग आला. दुसऱ्या कुणाचा करणार?

नवी चाकं बसवताना हे माझ्या शेजारी उभे होते. या गाडीचं चाक आसाच्या टोकाला असलेल्या दातेरी तुंब्यावर सरकवतात आणि वरून एक मोठा कानवाला नट तांब्याच्या हातोड्याने ठोकून आवळतात. वाघोलीकरांनी दोन-तीन ठोके मारले, तर हे पुढे झाले, हातोडा मागून घेतला आणि स्वतः ठोकू लागले. हात थरथरत नव्हते. शेवटच्या ठोक्यानंतर आवाज ऐकला, मान हलवली आणि नटावरून रुमाल फिरवला. त्या दिवशी मी जेवताना दोन घास जास्त खाल्ले.

दसऱ्याला सकाळी मी गाडीला झेंडूचा हार घातला. नारळ फोडला आणि पाणी वाटीत धरून वर नेऊन तुळशीला घातलं. मग यांना इस्त्रीचा शर्ट घालून खाली आणलं. गाडी बघताच यांचा चेहरा उजळला. पुढच्या चाकापाशी वाकून तारांवर नख फिरवलं.

"चंदेरी. बरोबर," हे म्हणाले. "क्रोम बँडवाल्यांसाठी."

माझी निवड अचूक ठरली होती. मी उजवीकडे बसून इंजिन सुरू केलं आणि डावीकडचं दार आतून उघडलं. "अहो, बसा."

हे बसेनात. दारावर हात ठेवून, वाकून, फार अदबीने म्हणाले, "बाई, माफ करा. या जागेवर माझी बायको बसते."

"कुठे आहे ती?"

"वर. साडी बदलतेय." आणि मग, जरा हसून, "मोरपंखी नेसून ये म्हटलंय. वेळ लागतो तिला."

मी इंजिन बंद केलं. वॉचमनला लक्ष ठेवायला सांगून लिफ्टने वर गेले. मोरपंखी साडी कपाटात तळाशी होती, घड्यांवर विरत आलेली. पहिल्यांदा त्या गाडीतून फिरायला गेलो तेव्हा तीच नेसले होते. नेसताना निऱ्या जमेनात. मी वेडेपणा करत होते हे मला कळत होतं. तरी पिन लावली, पदर काढला, आणि खालून हॉर्न ऐकू येतोय का म्हणून थांबले. आला नाही.

खाली आले तेव्हा हे तसेच दार धरून उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले. यांनी माझ्या साडीकडे नीट पाहिलं.

"अश्शीच साडी आहे तिची," हे म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून मागे लिफ्टकडे बघू लागले.

"येईल," मी म्हटलं. "वेळ लागतो तिला."

"आपण ओळखता तिला?"

"थोडीफार."

यांनी समजल्यासारखी मान हलवली. मग आम्ही दोघंही लिफ्टकडे बघत उभे राहिलो.