भागाजीबाबांचा पुकारा

आमच्या घरात कुणी म्हणालं की अमक्याच्या स्वप्नात देव आला, तर माझा पहिला प्रश्न असतो — साक्षीदार कोण? नवरा हात जोडतो. "घरी तरी वकिली बंद ठेव बाई!" पण सव्वीस वर्षं सरकारी वकील म्हणून काढल्यावर माणूस असाच होतो. भूत उतरवतो म्हणून लोकांना मारझोड करणारे दोन मांत्रिक मी स्वतः आत पाठवलेत. त्यामुळे पुढचं लिहिताना हात अडखळतोय, हे आधीच कबूल करते. हसायचं तर खुशाल हसा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. इथंच, छत्रपती संभाजीनगरला, भर दुपारी तीन वाजता, चालू कोर्टात.

केस वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपमधली. पिशोरचा विठ्ठल नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा तिथं पत्रा दाबायच्या मशीनवर होता. माणूस आत वाकला की मशीन आपोआप थांबवणारा सेन्सर असतो. तो सेन्सर बंद होता. अडकलेला पत्रा काढायला विठ्ठल वाकला आणि मशीन खाली आलं... मालक म्हणाला, सेन्सर पोरानंच बंद केला, काम लवकर उरकायला. पोलिसांचं म्हणणं, मालकानंच करायला लावला.

विठ्ठलचे वडील म्हणजे भागाजीबाबा. मेंढरं वळणारा माणूस. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं — भर एप्रिलातसुद्धा! फिर्याद त्यांचीच होती. विठ्ठलनं प्राण सोडल्यावर दवाखान्यात मालकानं त्यांचे पाय धरून कबूल केलं होतं, "बाबा, सेन्सर मीच बंद ठेवला होता." हे ऐकणारे फक्त दोघं. एक भागाजीबाबा आणि दुसरा विठ्ठलसोबत काम करणारा दिलीप, बिडकीनचा. साक्षीदारांच्या यादीत बाबा पहिले, दिलीप दुसरा.

बाबा अकरा तारखांना आले. पहाटेची पहिली एसटी धरायची, बसस्टँडवरून चालत यायचं आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून राहायचं. मी दिसले की उठून उभे.

"व्हय जी, आलो!"

प्रत्येक वेळी हेच, याच सुरात. जणू मेंढरामागून कुणी हाक मारलीय.

"आज पुकारतील का बाई माझं नाव?"

आणि प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. कधी आरोपी आजारी, कधी त्याचा वकील दुसऱ्या कोर्टात, कधी जजसाहेब रजेवर. साक्षीदाराचा पुकारा व्हायच्या आधीच पुढची तारीख पडायची. मी एकदा चिडून म्हटलं, "बाबा, तुम्ही कंटाळत कसे नाही हो?" तर हसले. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हनत्यात. मी कुठं शहाना हाय!" मग हळूच म्हणाले, "माझ्या लेकराची चूक नव्हती, येवढं कागदावर येऊ द्या बाई. लोक म्हनत्यात, पोरगंच येडं होतं. एकदा माझं नाव पुकारा, मंग मी मोकळा."

मी म्हटलं, "पुढच्या तारखेला नक्की."

ती पुढची तारीख म्हणजे अकरावी. ती वाया घालवली मी. भाचीचा साखरपुडा होता, दुपारी निघायचं होतं, म्हणून मीच तारीख मागून घेतली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "चालतंय की. लेकीबाळीचं कार्य आधी." आणि काठी टेकत गेले. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्यानंतर त्यांचं समन्स परत आलं. वर पोलिसाचा शेरा — साक्षीदार मयत. मेंढरं घेऊन गेले होते, तिकडेच रानात गेले. छातीत कळ आली म्हणे. मी तो कागद फाईलला लावला. त्या दिवशी जेवण गेलं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केसेस होत्याच.

आता सगळी मदार दिलीपवर. आणि त्या तारखेला सकाळी व्हरांड्यात तो माझ्या नजरेला नजर देईना.

"मॅडम, मला काय आठवत नाही आता. मी तेव्हा चहाला गेलतो."

"जबाबात तर सगळं सांगितलंयस."

"पोलिसांनी कायपण लिवलं असंल."

कळलं. साक्षीदार फितूर. मालकानं त्याला पुण्यातल्या आपल्या दुसऱ्या युनिटला कायम करून घेतलं होतं. गेलं वर्षभर तो तिकडेच होता. घरी बाळंतीण बायको. त्याला शिव्या तरी काय द्यायच्या? तरी दिल्या, मनातल्या मनात.

आमच्याकडे रोज सकाळी मी शिपायाला चिठ्ठी देते — आज कुणाकुणाचा पुकारा करायचा. त्या दिवशी डोकं इतकं फिरलं होतं की मागच्या तारखेची चिठ्ठी समोर ठेवून तशीच्या तशी उतरवली. दिलीपच्या वर भागाजीबाबांचं नाव तसंच राहिलं. साधी चूक. पण सव्वीस वर्षांत मी मेलेल्या माणसाचं नाव पुकाऱ्याला कधी दिलं नव्हतं.

तीन वाजता केस निघाली. आमचे शिपाई शेखभाई दाराशी गेले. जेवणानंतर गर्दी पांगली होती. व्हरांडा जवळजवळ रिकामाच. दारातच उभ्या दिलीपला त्यांनी आधी आत घेतलं, तो पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. मग चिठ्ठी बघून खणखणीत आवाजात —

"भागाजी रामाssss पिशोरवालेsss हाजिर हैsss?"

मी "अहो शेखभाई —" म्हणत उठले, तेवढ्यात...

"व्हय जी, आलो!"

बाहेरून. अगदी दाराजवळून. तोच सूर.

मग काठीचा आवाज. टक... टक... टक. दारातून आत, माझ्या खुर्चीमागून. मी मान वळवली नाही. खरं सांगते, हिंमतच झाली नाही. उन्हात तापलेल्या लोकरीचा वास आला. आणि पिंजऱ्यातला दिलीप — हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं — डावीकडं एक पाऊल सरकला. एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा देतो ना आपण, तसा.

साहेबांनी वर पाहिलं. "आले का पहिले साक्षीदार?"

"नाही सर... ते मयत आहेत. नाव चुकून राहिलं."

"मग ओ कुणी दिली?"

शेखभाई बाहेर बघून आले. बाकडं रिकामं. "मैं तो जो लिखेला है वोइच पढ्या, मॅडम," एवढंच पुटपुटले. साहेब म्हणाले, "चला, घ्या पुढे."

दिलीपनं शपथ घेतली. मी पहिला प्रश्न विचारला आणि तो सुरू झाला. सेन्सरची वायर कुणी काढायला लावली, कधी, विठ्ठल काय म्हणाला, दवाखान्यात मालक काय बोलला... सगळं. आरोपीच्या वकिलानं तासभर उलटतपासणी घेतली. दिलीप हलला नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "सकाळी एक बोललास, आत एक. काय झालं?"

मलाच वेड लागलंय, असा तो माझ्याकडं बघायला लागला. "मॅडम, बाबा शेजारी येऊन उभे राहिल्यावर खोटं कसं बोलू? नोकरी जाऊ द्या मसणात."

त्याला माहीतच नव्हतं... बाबा गेलेत ते. पुण्याला होता ना.

आता माझी उलटतपासणी मीच घेते. व्हरांड्यात दुसरं कुणी ओरडलं असेल? असेल. आरोपीचा वकील माझ्याच वर्गातला. तो म्हणतो, "मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. बीपी तपास तुझं." पण कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे दिवसभराच्या नोंदीत, बाबांच्या नावापुढे क्लार्कनं 'हजर' लिहून मग खोडलंय. त्याची नक्कल माझ्या कपाटात आहे. खोडलं का, ते क्लार्क सांगतो. लिहिलं का, ते सांगत नाही.

मालकाला शिक्षा झाली. चूक विठ्ठलची नव्हती, असं निकालात स्पष्ट आलं. मी निकालाची प्रत घेऊन पिशोरला गेले. बाबांच्या बायकोला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मंग त्येंचं नाव पुकारलं का वो बाई?"

"हो," मी म्हटलं. "पुकारलं. आणि ते आले होते."

तिनं नुसती मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नसावं.

तो आवाज कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. ते नसलं तरी चालेल. पण जिवंत असताना अकरा वेळा आलेल्या माणसाचं नाव आम्ही एकदाही का पुकारलं नाही, याचंही उत्तर माझ्याकडं नाही. हल्ली तारीख पडणार हे दिसत असलं, तरी बाकड्यावर बसलेल्या प्रत्येक साक्षीदाराचा पुकारा मी आधी करायला लावते. शेखभाई कुरकुर करत नाहीत. ते दाराशी जातात, नाव घेतात आणि उत्तर येईपर्यंत चिठ्ठीवरून नजर उचलत नाहीत.