आधी बिघाड सांगणारे आमदार

आमदार भालचंद्र मेस्त्री यांची आणि माझी ओळख एका निवेदनामुळे झाली. भांडुपला आमच्या शेजारी राहणारे सुरेश तावडे खाडीकाठच्या औष्णिक वीजकेंद्रात कंत्राटी कामगार होते. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर त्यांची पाळी असे. एका रविवारी ते मला मेस्त्रीसाहेबांच्या कार्यालयात घेऊन गेले. साहेबांना केंद्र सरकारकडे एक निवेदन पाठवायचे होते आणि ते नीट लिहून देणारे कोणी हवे होते.

साहेब पेन्सिल घेऊन कोणाचा तरी अर्ज वाचत होते. मान वर न करता त्यांनी मी काय शिकवते ते विचारले. मुलुंडच्या कॉलेजात मराठी कविता शिकवते, असे मी सांगितले. तेव्हा त्यांनी मान वर केली.

“बरं झालं. म्हणजे कमी शब्दांत लिहिता येत असेल.”

त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिताना मी तो सल्ला पाळण्याचा प्रयत्न करते आहे.

मेस्त्रीसाहेबांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा साहेब नुकतेच वीजकेंद्रात बॉयलरवर लागले होते. घरात एकट्याचा पगार येत असे. पुढे ते कामगारांचे पुढारी झाले, नगरसेवक झाले, आमदार झाले. पण त्यांची बोलण्याची रीत बॉयलरवरची राहिली. तिथे पाळी बदलताना चार्ज द्यावा लागतो. जाणारा माणूस येणाऱ्याला आधी बिघाड सांगतो. कुठला पंप गरम होतो आहे, कुठली झडप गळते आहे. जे नीट चालले आहे ते शेवटी सांगतात, किंवा सांगतच नाहीत. बिघाड लपवून घरी जाणाऱ्याशी पुढे कोणी बोलत नसे. विधानसभेतही साहेब बोलायला उभे राहिले की पहिले वाक्य स्वतःच्या बाजूच्या चुकीचे असे. त्यांच्या पक्षातल्या लोकांना याची सवय झाली होती. ती आवडत होती असे म्हणता येणार नाही.

निवेदनाचे कारण असे होते. केंद्र सरकारने धुराचे नवे नियम केले होते. ठरलेल्या मुदतीत धूर स्वच्छ करणारी यंत्रणा बसवा, नाहीतर वीज तयार करणारे जुने संच बंद करा. यंत्रणेपेक्षा बंद करणे स्वस्त, असे व्यवस्थापनाचे मत पडले. कायम कामगारांची बदली होणार होती. कंत्राटी कामगारांचे काय होणार, हे कुठल्याच कागदावर नव्हते. तावडे त्या पट्ट्यावर अठरा वर्षे होते.

“माझ्याकडे कंपनीचा कागद म्हणजे गेटपास,” ते म्हणाले. “तो दरवर्षी नवीन. म्हणून मी पण दरवर्षी नवीन.”

मी निवेदन लिहिले. अंधारात बुडालेले शहर लिहिले, गिरण्यांची राख लिहिली, चुली विझतील असे लिहिले. साहेबांनी ते दोनदा वाचले आणि सगळ्यावर एक उभी रेघ मारली. आधी बिघाड लिहा, म्हणाले. धूर पकडणाऱ्या यंत्रांपैकी कोणती कधी बंद असतात, राखेच्या बंधाऱ्यावर पाणी मारणे का चुकते, राखेचे डंपर उघडे का जातात. हे सगळे पहिल्या पानावर. मागणी नंतर.

तिथे बसलेले त्यांचे एक जुने सहकारी अस्वस्थ झाले. ते म्हणाले, “साहेब, समोरच्याच्या हातात दगड कशाला देताय?”

“दगड त्याच्याकडे आहेच. आपणच दाखवला तर मारताना जरा विचार करील.”

परत येताना तावडे मला म्हणाले, की साहेबांचे बरोबर असेल, पण चुकले तर साहेब आमदारच राहतील.

पुढच्या आठवड्यात मसुदा बघायला साहेब आमच्या घरी आले. मी त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. माझ्या आईला दमा आहे. ती चहा घेऊन आली, कप ठेवला आणि खुर्चीवर बसून तिने पंप ओढला. साहेब तिचा श्वास परत जागेवर येईपर्यंत थांबले. मग माझ्याकडे वळले. ते मनातून हलले की मालवणीत बोलतात.

“बाय, आवशीक दमो आसा, आणि तू माज्यासाठी कोळशाची बाजू लिवतंस? माका कित्याक सांगूक नाय?”

मी म्हटले, आईच्या दम्याचा इथे संबंध नाही. त्यांनी कागद मिटला. लिहू नकोस, मी दुसरा कोणी बघतो, असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेव्हा आई मध्ये पडली.

“आमदारसाहेब, धाप माझी आहे. ती कोणाला दाखवायची ते मी ठरवीन. माझं नाव घाला त्यात. आणि ह्या सुरेशच्या घरी दोन पोरं शिकतायत, ते पण घाला. एक घालून दुसरं गाळलंत तर मग माझ्याकडे चहा प्यायला येऊ नका.”

साहेबांनी कागद उघडला. निवेदनाचा पहिला बिघाड म्हणून माझ्या आईचे नाव लिहिले गेले. मी कविता शिकवते, पण इतके साधे आणि इतके अवघड वाक्य मी त्याआधी लिहिले नव्हते.

त्यानंतरच्या सोमवारी साहेब सकाळी वीजकेंद्राच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. ताडपत्री न बांधलेला राखेचा डंपर दिसला की ते हात दाखवून थांबवत आणि ताडपत्री बांधून होईपर्यंत चालकाशी गावाकडच्या गप्पा मारत. असे त्यांनी तीन दिवस केले. चौथ्या दिवशी सगळे डंपर झाकून बाहेर आले. आईला त्यांनी हे सांगितले नाही. मला तावड्यांकडून कळले.

निवेदनावरची सुनावणी मुलुंडच्या एका सभागृहात झाली. दिल्लीचे अधिकारी मंचावर होते. खाली कामगार, त्यांच्या घरची माणसे, राखेच्या बाजूच्या वस्तीतले लोक. साहेब उभे राहिले आणि पहिले पान वाचू लागले. बंद यंत्रे, राख, डंपर, माझी आई. मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. मग एकाने उभे राहून विचारले, की साहेब, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आलात. काही लोक हसले. तावडे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी गेटपास खिशातून काढून मुठीत धरला होता.

साहेब थांबले नाहीत. पहिले पान संपवून त्यांनी चष्मा काढला. पुढचे त्यांनी वाचले नाही, सांगितले.

“धूर थांबवा. आम्ही अडवत नाही. पण यंत्रणा बसवायला वेळ द्या. आणि ज्या कागदावर संच बंद करायची तारीख लिहिताय, त्याच कागदावर पट्ट्यावरच्या माणसाचं नाव लिहा. तो दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जाणार, ते नावापुढे लिहा. तारीख तुमच्याकडे आहे. नावं मी आणलीयत.”

आमच्याकडे नावांची वेगळी यादी होती. ती त्यांनी स्वतः पाळीपाळीला जाऊन केली होती, कारण कंत्राटदाराच्या यादीत निम्मी माणसे नव्हतीच. तोवर कागदांत डोके घालून बसलेल्या मुख्य अधिकाऱ्यांनी हिंदीत विचारले, की हे पहिले पान तुमच्याच बाजूचे आहे ना. साहेब हो म्हणाले. अधिकाऱ्यांनी ते पान आणि नावांची यादी, दोन्ही मागून घेतले.

या पानाची किंमत साहेबांनी मोजली. ज्या कामगार संघटनेच्या स्थापनेत ते होते, तिने त्या वर्षी त्यांना वार्षिक मेळाव्याचे आमंत्रण दिले नाही. ते तरी गेले. शेवटच्या रांगेत बसले, जेवले, पंगत उठल्यावर चार जणांची विचारपूस करून घरी आले. याबद्दल त्यांनी कधी कोणाला दोष दिलेला मी ऐकलेले नाही.

काही महिन्यांनी आदेश आला. सर्वांत जुना संच बंद झाला. दुसऱ्याला यंत्रणा बसवण्यासाठी आणि चालवण्यासाठी काही वर्षांची मुदत मिळाली. आदेशाला कंत्राटी कामगारांच्या नावांची यादी जोडलेली होती, आणि नव्या यंत्रणेवर त्यांना आधी घ्यावे असे खाली लिहिले होते. तावड्यांना तिथे घेतले गेले. आम्ही हार घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी हार टेबलावर ठेवला आणि यादी उघडली. कोण घ्यायचे राहिले, हे त्यांना बघायचे होते. काही जण राहिले होते. त्यांच्यासाठी ते आजही फोन करतात, आणि समोरच्याने ओळखले नाही तर पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगतात.

माझी आई अजून भांडुपलाच आहे. हिवाळ्यात तिला त्रास होतो. साहेब येतात तेव्हा ती त्यांना तो सविस्तर सांगते आणि ते ऐकून घेतात. कोळशाचा कैवार घेणारे आमदार म्हणून त्यांच्यावर टीका झाली आहे, पुढेही होईल. मला त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते ती एवढ्यासाठी, की त्यांनी मला माझी आई आणि माझे शेजारी यांच्यापैकी एक निवडायला लावले नाही.

दुसऱ्या संचाची मुदतही संपणार आहे. हे आम्हाला त्यांनीच सांगितले आहे, आणि कामगारांपासून ते लपवलेले नाही. त्या दिवशी पुन्हा एखाद्या सभागृहात कोणी तरी तारीख वाचून दाखवील. खाली सुरेश तावडे बसलेले असतील, निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेली असतील, आणि त्यांच्या बरोबरीने नव्याने लागलेली मुले असतील. त्या मुलांची नावे अजून कुठल्याही यादीत नाहीत. मेस्त्रीसाहेबांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, ही माझी इच्छा पूर्णपणे निःस्वार्थ नाही. त्या सकाळी ते आम्हाला तिथे उभे राहिलेले हवे आहेत.