चार बोटं अलीकडे

विकी माझा सख्खा धाकटा भाऊ. आमच्या अख्ख्या मुलुंडमध्ये त्याच्याएवढा मार कुणी खाल्लेला नाय, हे छाती ठोकून सांगतो. पिक्चरमध्ये फायटर आहे तो. हिरोचा ठोसा बसला की जो काच फोडून टेबलावर आडवा होतो ना, तो आमचा विकी. जिन्यावरून पडलाय, पेटत्या गाडीतून उडी मारलीय, डोक्याला तेरा टाके आहेत. पण सात वर्षांत त्याने एका माणसाला खराखुरा ठोसा लावलेला नव्हता. धंदाच तसा. मूठ समोरच्याच्या तोंडापासून चार बोटं अलीकडे थांबवायची, त्याने मान फिरवायची, आवाज मागाहून घालतात. चाराची तीन बोटं झाली की फाइटमास्तर घरी बसवतो.

गेल्या डिसेंबरात कॉलनीच्या दवाखान्याला डायलिसिसचं मशीन घ्यायचं, त्याचे पैसे जमवायला वीस जण डहाणूहून अंधेरीला सायकलीने निघाले. विकी सगळ्यांच्या पुढे, हे काय सांगायला पाहिजे? शेवटचा मुक्काम मढला, एका बंगल्याच्या भिंतीला लागून. तंबू ठोकून झाले. ही राइड जमवणारी तेजल खिचडी वाढत होती, विकी मांड्यांना तेल चोळत बसला होता. आणि भिंतीपलीकडून किंकाळी आली.

कुणी मान वर केली नाय. मढचे बंगले शूटिंगला जातात, तिथे रोज कोणतरी ओरडतं.

"विक्या, तुझे भाऊबंद आले बघ!" बँकेतला मिहिर म्हणाला. "चल ना यार, हिरोबरोबर सेल्फी घेऊ."

"गप जरा."

परत किंकाळी. पण तिच्या आधी, ठप्प. ओल्या गोणीवर दांडा बसावा तसं.

विकी उठला. "हे शूटिंग नाय."

"तुला इथून कसं कळलं?"

"शूटिंगमध्ये माराला आवाज नसतो. तेजल, पोलिसांना फोन लाव!"

बोलता बोलता तो भिंत चढलासुद्धा.

आत पोहायच्या टाकीपाशी तिघं होते, पार्टीसाठी बंगला घेतलेले, तर्र झालेले. खाली दादू. साठी उलटलेला माळी. एकाने त्याचे केस धरलेले, दुसऱ्याच्या हातात पट्टा, तिसऱ्याकडे त्याच्याच फावड्याचा दांडा.

"मोबाईल कुठे लपवलास म्हाताऱ्या? बोल!"

"नाय घेतला रे..." दादूचा एक डोळा मिटला होता, तोंडातून रक्ताची तार लोंबत होती.

"सोडा त्याला," विकी म्हणाला. "मरेल तो."

दांडेवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दांडा दादूच्या डोक्यावर उचलला. विकीने धावत जाऊन सगळी ताकद लावून ठोसा हाणला.

मूठ चार बोटं अलीकडे थांबली.

दांडेवाला नुसता बघत राहिला, मग फिदीफिदी हसला. "अबे, हा तर नाटकवाला!" आणि दांडा विकीच्या बरगड्यांत बसला. पट्ट्याच्या बक्कलाने भुवई फाटली. विकी सरळ दादूवर पालथा पडला, त्याला अंगाखाली घेऊन. मग सगळं त्याच्याच पाठीवर. ठप्प. ठप्प.

खालून दादू कण्हला, "मला कशाला झाकतोस? मार ना रे त्यांना!"

विकी उठला. या वेळी मूठ दांडेवाल्याच्या तोंडाअलीकडे थांबली नाय. नाक मोडल्याचा आवाज त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला. दांडा हिसकावून पट्टेवाल्याच्या मनगटावर घातला, तो गुरासारखा ओरडला. केस धरणारा पळता पळता टाकीत पडला. विकीने दांडा फेकला आणि नाक मोडलेल्याच्या छातीवर बसला. एक. आणखी एक. खालचा माणूस हातसुद्धा वर करत नव्हता आता, तरी विकी मारत होता.

"विकी, बस! मेला तो!" भिंत चढून आलेला मिहिर ओरडला. विकीला ऐकूच जाईना. मिहिरने जीव खाऊन आरोळी ठोकली, "कट! विकी, कट!"

हात हवेत थांबला.

पोलीस आले, तिघांना घेऊन गेले. नाकवाला जिवंत होता. मोबाईल त्यांच्याच गाडीत सीटखाली सापडला. दादूला ॲम्ब्युलन्सने नेलं, विकीचा जबाब लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सायकली घेऊन मढच्या किनाऱ्यावर वर्सोव्याला नेणाऱ्या बोटीसाठी उभे होते. विकीची भुवई शिवलेली, मूठ वड्यासारखी सुजलेली. तेजलचा फोन वाजला, ती ओरडली, "दादूकाकांनी डोळा उघडला! चहा मागतायत!"

विकी खाली वाळूवरच बसला. मग मिहिरला म्हणाला, "समोर उभा राहा जरा. मान फिरवू नकोस."

"आयला, मी कशाला?"

"उभा राहा ना यार."

मिहिर डोळे मिटून उभा राहिला. विकीने ठोसा सोडला आणि मूठ थांबवली. मग दुसऱ्या हाताची बोटं मधे घालून बघितली.

दोनच मावली.

"बोट लागली रे," मिहिर डोळे न उघडता म्हणाला.

विकीने सायकल खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या मागून बोटीत चढला.