माणशी किती?

जगातल्या यच्चयावत गोष्टींना माणसांच्या संख्येने भागता येतं, अशी श्रद्धा बाळगणारा माझ्या मावशीच्या यजमानांसारखा दुसरा माणूस आमच्या किनाऱ्यावर जन्मला नसेल. मुंबईच्या एका कचेरीत उभा जन्म आकडेमोडीत घालवून ते जामसंड्याला परतले, ते भागाकाराची सवय सोबत घेऊनच. मावशीने सोलकढी केली की पहिला प्रश्न, "माणशी किती वाट्या?" लग्नाच्या पंगतीत लाडू मोजत, भजनाला गेले तर टाळ मोजत. पाळण्यातलं पोरही त्यांच्या हिशेबात अख्खा माणूस. नवे पैसे तेव्हा नुकतेच आले होते. बाजारात जो तो आण्यांत अडकलेला असताना काका कोळंबीवालीला दोन्ही हिशेब उभ्याउभ्या करून देत आणि त्या भरात घासाघीस करायचं विसरत. मावशी म्हणायची, "ह्यांचा भागाकार बरोबर येतो, पण कोळंबी महाग पडते."

गावात एक मोफत दवाखाना होता. मुंबईच्या चाकरमान्यांच्या देणग्यांवर तो कसाबसा चाले. एके वर्षी देणग्या आटल्या आणि तो बंद पडायची वेळ आली. सरकारी मदत मिळण्यासारखी होती, पण अट अशी की धर्मादाय कामांवर गावचे लोक स्वतः माणशी किती खर्च करतात ते दाखवायचं. काकांना जणू परमेश्वरानेच बोलावणं धाडलं! छत्री आणि वही घेऊन ते घरोघर हिंडले. वाचनालयाची वर्गणी, शाळेच्या कौलांचे पैसे, दवाखान्याच्या पेटीतली चिल्लर, सगळं लिहिलं. मुंबईला गेलेली माणसं भागाकारात धरायची की नाही, यावर ते स्वतःशीच तीन दिवस भांडले. शेवटी धरली. आकडा इतका बारीक आला की डॉक्टर काकुळतीने म्हणाले, "काका, थोडा वाढवून लिहा. कोण तपासणार आहे?"

"मी," काका म्हणाले.

ते पुन्हा हिंडायला निघाले. दवाखान्याच्या मागे विहिरीवर त्यांना एक मासे विकणारी बाई भेटली. बाजाराला जाण्याआधी ती रोज दवाखान्याचं पिंप भरायची. काकांनी वर्गणीचं विचारलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "माझ्याकडे पैशे खंयचे? मी पाणी भरतंय."

काका जागच्या जागी थबकले. मग त्यांनी पाणी लिहिलं. फुकट झाडलोट करणारे, आजाऱ्याला होडीतून आणणारे, सगळ्यांच्या श्रमाला मजुरीचा दर लावला. आकडा चांगला अंगाने भरला. देवगडच्या कचेरीत साहेबांनी तो रकाना पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "पाणी भरणं हा खर्च कसा?"

"मग पगारी माणूस ठेवा," काका शांतपणे म्हणाले, "आणि त्याचा पगार धरा."

साहेब बराच वेळ वही चाळत बसले. अखेर मदत मंजूर झाली, मागितली त्याच्या निम्मीच. पण दवाखाना वाचला. काका ही बातमी सांगायला उत्साहाने विहिरीवर गेले. मीही बरोबर होतो.

बाईने विचारलं, "माझ्या पाण्याचे कितके लिवलास?"

काकांनी आकडा सांगितला. तिने कळशी खाली ठेवली.

"माझा धाकटा चेडू तापान फणफणला होता, ता हयच बरा झाला. म्हणान मी पाणी भरतंय. आणि तुमी तेचो भाव केलास?"

काकांनी वही मिटून काखेत धरली. घरी येऊन ते न जेवता पडून राहिले. मावशीला एवढंच म्हणाले, "लिहिलं नसतं, तर दवाखाना गेला असता." आणि थोड्या वेळाने, "पण तिला विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर गेले. त्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं, रहाटापासून जरा बाजूला सरकली आणि त्यांना जागा करून दिली. काकांना पाणी ओढता येत नसे; निम्मी कळशी धोतरावर सांडायची. तरी ते जात राहिले. पुढे हात चालेनासे झाले, तेव्हा नुसते दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसत. रांगेतल्या बायका आपली तान्ही पोरं त्यांच्या मांडीवर देऊन आत जात, आणि ते त्यांना जपून धरून बसत.