शुद्ध आणि थोडक्यात

आमच्या केंद्रात मला 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणतात. हा मान मला कसा मिळाला, तर एकदा शाळेचा प्रोजेक्टर सुरू होत नव्हता आणि मी त्याची निघालेली पिन परत भिंतीत खोचली. तेव्हापासून शिक्षण परिषद भरली की मला पुढे उभं करतात आणि मी बाकीच्या गुरुजी-मॅडमना युक्त्या सांगतो. एकदा मी म्हटलं, "आधी कंट्रोल दाबा." मागून एक जुने गुरुजी म्हणाले की कंट्रोल आज बंद आहे, तांदूळ सोमवारी येणार. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. सगळे हसले, मीही हसलो, पण मनात म्हटलं, हे लोक काही सुधारायचे नाहीत.

माझी सगळ्यात लाडकी युक्ती होती वर्गाच्या ब्लॉगची. मुलांनी वहीत चार ओळी लिहायच्या. आपण फोननं फोटो काढायचा, ॲपला सांगायचं, 'शुद्ध आणि थोडक्यात करून दे', आणि येईल ते ब्लॉगवर चिकटवून लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकायची. वाचत बसायचं नाही. वाचण्यात वेळ घालवायचा तर तंत्रज्ञान कशाला, असं मी परिषदेत ऐटीत म्हणालो होतो आणि दोन मॅडमनी ते लिहूनही घेतलं.

तसा मी इथलाच. घरून फोन आला की 'येऊन राहिलो न बापा' असंच बोलतो. पण शाळेचं फाटक ओलांडलं की अंगात कोण संचारतं देव जाणे. मुलं 'जाऊन राहिलो' म्हणाली की मी 'जात आहे' म्हणायला लावतो, आणि स्वतःच कधी चुकलो तर खोकतो.

उन्हाळी धानाच्या लावणीचे दिवस होते. पाचवीच्या मुलांना 'माझे घर' हा विषय दिला. एका मुलीचं लिखाण ब्लॉगवर गेल्यावर मी पहिल्यांदा वाचलं, आणि थरारलोच. 'माझे बाबा इटियाडोहला राहायला गेले. रडणे राहून गेले. आई रागावून राहते.' अरे बापरे, काय खोली! रडणे राहून गेले! मी खाली लगेच शाबासकीचा शेरा दिला, 'संवेदनशील लेखन'. तिच्या बापाला मी दोन दिवसांआधी पानठेल्यावर पाहिलं होतं, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. साहित्यापुढे पानठेला कोणाला आठवतो?

मुलीच्या आईनंही माझीच युक्ती वापरली. लेकीचं नाव दिसलं म्हणून शेतातूनच तिनं ती लिंक न वाचता माहेरच्या ग्रुपवर पुढे ढकलली. माहेर ब्रह्मपुरीकडचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा भाऊ बॅग घेऊन हजर, बहिणीला घेऊन जायला.

तिसऱ्या दिवशी परिपाठ संपायच्या आत सगळे शाळेत आले. पुढे आई, तिच्या बाजूला भाऊ, आणि मागे मुलीचे बाबा, घरीच असल्याचा पुरावा म्हणून आणलेले. मुलगी आईच्या पदराआड होती. बिचाऱ्या बाबांनी मला नमस्कारही केला.

"सर, माजा नवरा घरी आहे, अन् तुमी त्याले इंटरनेटवर पळवून लावला," आई म्हणाली. "नवऱ्यानं टाकून दिली म्हणून माहेरी बोंब झाली. आता मी कोनाले तोंड दाखवू?"

मी म्हटलं, आत्ता पुसून टाकतो. माझी हुशारी तेवढीच.

"पुसू नका. पुसलं तं लोकं म्हनतीन, खरंच होतं."

मग मामानं भाचीला पुढे ओढलं आणि खरं काय लिहिलं होतं ते विचारलं. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "बाबा मासोळ्या आनायले इटियाडोहले जाऊन राहिले. रोवणा राहून राहिला. आई रागावून राहिली."

मामा एकदम हसायला लागला. इकडे बाबा मासोळ्या आणायला इटियाडोहच्या धरणावर चालले, तिकडे धानाची लावणी, म्हणजे आमचा रोवणा, तशीच पडून, म्हणून आई तापली. आमच्या झाडीपट्टीतल्या कोणालाही एका दमात कळावं असं. ॲपला 'राहिले' म्हणजे मुक्काम वाटला आणि 'रोवणा' म्हणजे हिंदीतल्या 'रोना'सारखं रडणं. आणि मी, इथंच जन्मलेला, त्याच रडण्यावर भाळलो होतो. लाजेनं मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक पोरीची नाही, माझी आहे, मी न वाचता टाकलं.

आईनं लेकीकडे पाहिलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. आदल्या रात्री त्याच हातानं मारलं होतं, हे मामानं मला हळूच सांगितलं.

आता नवीन मजकूर टाकायचं ठरलं. मी जोशात 'सदर लेखातील मजकुराबाबत' असं सुरू केलं, तर आईनं थांबवलं आणि पोरीलाच लिहू द्या म्हणाली. मी फोन मुलीच्या हातात दिला. तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं : 'माझे बाबा घरी आहेत. ते आमच्यासोबत जेवण करतात. आई आनंदी आहे.'

मामाचं समाधान झालं, बाबा मान हलवत राहिले. मलाच ते काही बरं वाटेना. मी तिच्याजवळ वाकून म्हटलं, "तुझ्या बोलीत लिही ना. बाबा जेवून राहिले, असं. मी आता काही बदलणार नाही."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

"नको सर," ती म्हणाली. "तसं लिहिलं तं मार पडते."