हौद्याबाहेर ठेवलेली तलवार

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी गाडी तालमीसमोरून घ्यायला मीच सांगितलं. जवळचा रस्ता दुसरा होता. पोरगा म्हणाला, "आई, विमान चुकेल." मी म्हटलं, "चुकलं तर दुसरं येईल की." खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. तालमीच्या कट्ट्यावर माझा थोरला भाऊ बसलेला असणार होता.

दादा त्या तालमीचा वस्ताद. उभा जन्म पोरांना कुस्ती शिकवण्यात गेला. पैलवान बाहेरगावच्या मैदानाला निघाला, की दादा कुस्तीच्या हौद्यातली चिमूटभर लाल माती त्याच्या कपाळाला लावतो आणि मगच गाडी हलते. मला वाटलं होतं, बहीण सातासमुद्रापार निघाली आहे, आज एक चिमूट तिलाही मिळेल. काच खाली घेऊन, पदर मागं सारून, मी कपाळ पुढं काढून बसले होते. सदुसष्ट वर्षांची बाई, नव्या नवरीसारखी.

दादानं गाडी बघितली. धोतर झटकलं, उठला आणि आत गेला. मी काच वर घेतली आणि पोराला म्हटलं, "चल."

आदल्या दिवशी एवढंच म्हणाला होता, "जा की. तुला कोण धरलंय?" मीही त्याचीच बहीण. म्हटलं, "धरायला कशाला लागतंय, माझी मी जातो की." झालं. तेव्हापासून दोन वर्षं दादा माझ्याशी बोलला नाही. मी फोन केला की भाचेसून सुरेखा उचलायची, आणि पाठीमागून दादाचा खोकला ऐकू यायचा. जरा जास्तच मोठा खोकला. तो ऐकला की मी म्हणायची, बरा आहे म्हातारा.

याच दादानं माझी पाठवणी केली होती. माहेर मंगळवार पेठेत, सासर शिवाजी पेठेत. तोंडातलं पान रंगायच्या आत माणूस चालत पोचतं. आणि मी एकोणीस वर्षांची शहाणी वाटभर असा गळा काढून रडले, की दुकानांतून लोक डोकावून विचारत होते, कोण गेलं म्हणून. दादा माझी ट्रंक खांद्यावर घेऊन पुढं चालत होता. मागं न बघता म्हणाला, "गप की गं. तुझ्या सासरच्या गच्चीवरनं आपली गच्ची दिसती." दिसायची खरंच. वर्षभर मी वाळलेल्या साड्या पुन्हा वाळत घालायला वर जात होते. आणि खऱ्याखुऱ्या परदेशाला निघाले तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढला नाही. विमानात ऐटीत चढले. जिथं रडायचं तिथं ऐट आणि जिथं ऐट करायची तिथं रडणं, असा माझा कारभार आहे.

पेठेतल्या बायांनो, तुम्हाला वाटतं मी इथं कॅनडात मजेत आहे. फोटो मीच तसे पाठवते. खरं सांगते ते असं. सकाळी आठाला पोरगा आणि सून कामाला जातात. दार लागलं, की संध्याकाळपर्यंत या घरात फक्त फ्रिज बोलतो. मध्येच गप्प होतो, तेव्हा मी उठून त्याचं दार उघडून बघते. तुमच्याकडं दाराची कडी वाजायच्या आधी हाक ऐकू येते. इथं समोरची बाई बर्फ ओढताना नुसता हात हलवते. पहिल्या आठवड्यात मी तिला सरळ विचारलं, "पावणं, जेवलासा का?" ती हसली आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. पोरगा म्हणाला, ती हवामान सांगत होती. आणि तुम्ही, जे माझ्यासारखे पोरांच्या मागं देशोदेशी गेलात, तुम्हाला हे सांगायलाच नको. तुमचाही फ्रिज असेलच.

सून नागपूरची, कॉम्प्युटरवाली. सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर गेम खेळते. राक्षस, चेटकिणी, डोंगर, किल्ले असलं सगळं. दुसऱ्या हिवाळ्यात मी भिंतीकडं बघत बसलेली तिला दिसले असणार. माझ्या हातात कंट्रोलर दिला आणि म्हणाली, "आई, हे बटण मारायचं, हे पळायचं. दुपारी खेळत जा. कुणाला तरी बदडलं की बरं वाटतं." सासूला असं सांगणारी सून मिळायला भाग्य लागतं.

माझ्यासाठी तिनं एक धिप्पाड बाई तयार केली. लोखंडी चिलखत, ढाल, कमरेला तलवार, पायात लोखंडी बूट. आठवडाभर मी तिला नुसतीच तळ्याकाठी फिरवली. मग एके दिवशी डोंगरातल्या एका गावात पोचले, आणि बघते तर काय, दगडी कठड्याच्या आत गोल हौदा, लाल माती. मधोमध एक राक्षस मांड्या थोपटत उभा. मला घरी आल्यासारखंच झालं.

आता मी काय केलं ते ऐका. हौद्यात शस्त्र घेऊन, पायताण घालून कोण जातं? दादानं पोरांना त्यावरून लाथा घातलेल्या मी पाहिल्या आहेत. मी एकेक वस्तू निवडून बटण दाबलं आणि सगळं कठड्याबाहेर नीट ठेवलं. तलवार, ढाल, चिलखत, बूट, बोटातली जादूची अंगठीसुद्धा. मग आत उतरले. मागं फाटक पडलं, राक्षसानं एक गुद्दा मारला आणि मी मेले. पुन्हा जिवंत झाले ती हौद्यातच, तशीच मोकळ्या हातांनी. फाटकातून वाकून बघितलं, तर बाहेरचं सामान कुणीतरी लंपास केलेलं.

संध्याकाळी सून बघतच राहिली. "आई, तुम्ही तलवार बाहेर का ठेवलीत?"

"मग काय मातीत न्यायची?"

"अहो, ती त्याच्यासाठीच होती. थांबा, जुना सेव्ह उघडते, सगळं परत मिळेल."

मी नको म्हटलं. मुलीच्या जातीला तालमीची पायरी चढू देत नव्हते. लहानपणी मी मागच्या खिडकीखाली बादली पालथी घालून, गजांना धरून सगळे डाव पाहिले होते. चौदाव्या वर्षी मला वाटायचं, आपण जन्मजात पैलवान आहोत. म्हणून गोठ्यात चुलत बहिणीला ढाकेचा डाव मारायला गेले. तिचा हात काखेत धरला, गर्रकन वळले, आणि ती जागच्या जागी उभी, मी शेणाच्या पाटीत. दादा दारात उभा होता. हसला नाही. म्हणाला, "वळायच्या आधी पाय बघ." त्याच्या जन्मात त्यानं मला शिकवलेली कुस्ती ती एवढीच. आज बादलीवरून उतरवून कुणीतरी मला मातीत जाऊ दिलं होतं, आणि मी तलवार मागू?

मग अख्खा हिवाळा मी त्या राक्षसाकडून मार खाल्ला. कितीदा मेले ते विचारू नका. मोकळ्या हातानं लढत राहिलं, की त्या बाईला हळूहळू नवे डाव यायला लागतात, हे सुनेलाही ठाऊक नव्हतं. ती नेहमी तलवारीनंच खेळायची. होळीच्या सुमाराला एका दुपारी राक्षसाचा गुद्दा आला, मी तो हातावर झेलला, दोन बटणं एकदम दाबली, आणि माझ्या बाईनं त्याचा हात काखेत धरला. पुढं ती वळली. तो एवढा डोंगर तिच्या पाठीवरून जाऊन पाठीवर पडला. ढाक. अस्सल ढाक.

मी कोचावरून उठून ओरडले. मग आजूबाजूला बघितलं. घरात कुणी नव्हतं. कुणाला सांगायचं, हेच मला कळेना. जिंकल्यावर माणूस इतकं एकटं पडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. राक्षस हरवून मी त्या दुपारी पोटभर रडले. पाठवणीला रडले होते, तशी.

त्या कुस्तीचा व्हिडिओ सुनेनं काढून दिला. मी तो सुरेखाला पाठवला आणि सांगितलं, "दादासमोर नुसता लाव. मी पाठवला म्हणू नको." दोन दिवस काही नाही. खोकलासुद्धा नाही, कारण फोन करायचं मला धाडस होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे गेल्यावर फोन वाजला. सुरेखाचा नंबर. मी हॅलो म्हणायच्या आत दादाचा आवाज.

"ती बाई डावा पाय पुढं का टाकती?"

दोन वर्षांनी भाऊ बोलला, तो हे बोलला.

"तोच पाय धरून एकेरी पट काढंल की कुणीबी. सतरांदा सांगिटलंय, वळायच्या आधी पाय बघ."

"सतरांदा कुठं, एकदाच सांगिटलंतंस. गोठ्यात."

"मग ध्यानात ऱ्हाईना व्हय एवढं?" दादा खोकला. हा खोकला खरा होता. "उतरायच्या आधी माती लावलीस का कपाळाला?"

"हितं माती कुठली, दादा? सगळा बर्फ हाय."

"त्या टीव्हीत हाय न्हवं लाल? ती लाव." आणि मग अगदी हळू, "त्या दिवशी आत माती आणायलाच गेलतो. भाईर आलो, तर गाडी गेलती."

फोन त्यानं ठेवला की कटला, कळलं नाही. मी उलटा फोन केला नाही. कधी येतेस, हे त्यानं विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मला उत्तर माहीत नव्हतं. शिवाजी पेठेतली खोली आता भाड्यानं दिली आहे. इथल्या खोलीला अजून मी पोराची खोली म्हणते. माझा पाय चुकला तर इतक्या लांबून ज्याला राग येतो, तो माणूस एवढंच माझं घर उरलं आहे, आणि त्याला खोकला आहे.

मी गेम लावला. माझी बाई हौद्यात एकटीच उभी होती. तिला वाकायला लावलं, उभी केली, डावा पाय मागं घेतला. मग गुडघ्यावर हात ठेवून मी स्वतः उठले, टीव्हीजवळ गेले आणि तिच्या पायाखालच्या लाल मातीवर बोट टेकवलं. पडदा कोमट होता. ते बोट कपाळाला लावलं.

दोन वर्षं तालमीसमोर थांबलेली गाडी तेव्हा कुठं हलली.